जोडलेले हात

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? फुलांच्या सुगंधाशी त्याचं नातं नाही, पक्वान्नांच्या घमघमाटाशी तर मुळीच नाही. तळ्याच्या तळाशी वर्षभर निवांत पहुडलेला गाळ, त्या गाळातून वर आलेल्या वेलींचा ओला हिरवेपणा, कार्तिकातल्या उन्हाची कोवळी ऊब आणि जर्मनच्या मोठ्या गंजातून, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यातून, उसळणारी दाट, पांढरी वाफ, या साऱ्यांचं मिळून ते काहीतरी मातकट, उबदार आणि अतिशय आपलं असं होतं. तो वास नाकाशी आला की माझं वय जागेवर राहत नाही. कधी मी सात वर्षांचा होतो, वडिलांचं बोट धरून शिंगाड्याचं काळं टोकदार साल दातांनी फोडू पाहणारा. कधी अडतिसाचा होतो, भर दुपारी, भर गर्दीत नुसता उभा राहिलेला एक बाप. या दोघांपैकी कोण भेटणार, हे मात्र वासाच्या मर्जीवर असतं.

आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळी सरते आणि खरा सण सुरू होतो. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. पुण्याकडच्या माझ्या एका स्नेह्याला मी मंडईला ये म्हटलं, तर तो भाजीची पिशवी घेऊन येण्याच्या गोष्टी करू लागला! अहो, ही मंडई म्हणजे जत्रा. आज या गावाची, उद्या त्या गावाची. धान कापणीला आलेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई रुसायला मोकळे असतात आणि दुपारी गावाच्या मधोमध ढोलकी-टाळांच्या दणदणाटात दंडार रंगते. पायांत चाळ बांधून, कमरेला शेला गुंडाळून कालपर्यंत बांधावर भेटलेली माणसं नाचू लागतात, आणि तीच का ही, असा प्रश्न पडावा इतकी देखणी दिसतात. माझं जन्मगाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता आमची मंडई नव्या वसाहतीतल्या सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यावर भरते, आणि तिथे उभं राहिल्यावर मला अजूनही जुन्या गावचं वळण आठवतं, जिथे शिंगाडेवाल्या बसायच्या. गाव बुडालं तरी वास कसा बुडत नाही, याचं मला फार नवल वाटतं.

पण सांगायचं आहे ते माझ्या मुलीबद्दल. रेवा तिचं नाव. चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, अंगणात ऊन आलेलं. तिची आई, सुनंदा, तिला पुढ्यात घेऊन वेणी घालत होती आणि पोरगी नेहमीप्रमाणे वटवट करत होती. कोंबडीला दात का नसतात, असा काहीसा तिचा प्रश्न होता, आणि मी विज्ञानाचा मास्तर असूनही उत्तर टाळत दाढी करत होतो. एकाएकी वटवट थांबली. आरशात मला दिसलं की तिची मान एका बाजूला ओढली गेली आहे, डोळे कुठल्याशा कोपऱ्यात जाऊन अडकले आहेत आणि एक हात लयीत झटके देतो आहे. सुनंदाच्या हातातली फणी केसांत तशीच राहिली. त्यानंतर आम्ही जे जे केलं ते आठवून आज मला माझीच लाज वाटते. कोणी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, कोणी चप्पल आणली, आणि मी, या घरातला शिकलेला माणूस, तिला उभी धरून गदगदा हलवत तिच्या नावाने ओरडत राहिलो. ती आपोआप सैल पडली, झोपली, आणि तासाभराने उठून तिने भूक लागली म्हणून सांगितलं. कोंबडीच्या दातांचं तिला काही आठवत नव्हतं.

पुढे महिनाभरात ते पुन्हा आलं, ताप नसताना आलं, आणि आम्ही नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाई फार शांत होत्या. तपासण्या झाल्या, पातळ औषध सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ न चुकवता. मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. झटका आला की तिला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काही द्या. तोंडात काहीही घालू नका, दाबून धरू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर थेट दवाखाना. आणि तिच्याभोवती जी जी माणसं असतात त्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. मी ते सारं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि परतीच्या वाटेवर कारध्याच्या पुलावरून वैनगंगेचं पात्र बघताना मनाशी ठरवूनही टाकलं, की बाकीचं सगळं करायचं, शेवटचं तेवढं करायचं नाही.

का? आता विचाराल तर उत्तर सोपं आहे आणि ओंगळ आहे. मुलीची जात. उद्या शाळेत पोरं चिडवतील, परवा सोयरे कुजबुजतील, वीस वर्षांनी कोणी पाहुणा दारातून परत फिरेल! चार वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी मी तेव्हा वाहत होतो, जिला स्वतःच्या चपलेचा उजवा-डावा कळत नव्हता. दरवर्षी शाळेत अंधश्रद्धेवर तावातावाने भाषण ठोकणाऱ्या माझ्या जिभेला घरात ‘मिरगी’ हा शब्द उच्चारवत नव्हता. आम्ही नवराबायको त्याला नुसतं ‘ते’ म्हणायचो. आज ‘ते’ नाही ना आलं? अंगणवाडीताईंनाही सांगितलं नाही. औषधाची बाटली धानाच्या पोत्यांमागे असायची, आणि रेवाला औषध पाजताना सुनंदा आधी दार लोटून घ्यायची. सुनंदा एकदा म्हणाली, “अहो, निदान माझ्या माहेरी तरी सांगू.” मी म्हणालो, “कायले? उगाच बोभाटा.” विषय तिथेच संपला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अड्याळजवळच्या तिच्या माहेरी मंडईला गेलो. घर पाहुण्यांनी तुडुंब भरलेलं. पिठाचे हात, चहाचे कप, पोरांचा गोंधळ, आणि कुठेही लोटून घेता येईल असं एकही दार मोकळं नाही. सकाळचं औषध पाजायला सुनंदाने दोनदा पिशवी उघडली आणि दोनदा कोणी ना कोणी आत आलं म्हणून बंद केली. थोड्या वेळाने देऊ, असं आम्ही डोळ्यांनीच ठरवलं. तो थोडा वेळ दुपारपर्यंत लांबला. मग ढोलकी ऐकू आली, रेवाने माझं बोट ओढलं, आणि बाटली पिशवीतच राहिली. लपवणाऱ्या माणसाला किती ठिकाणी सावध राहावं लागतं! आणि एका ठिकाणी सुटलं की सगळं सुटतं.

दंडार ऐन भरात होती. आम्ही अगदी पुढे, रेवा माझ्यासमोर उभी, अंगात पिवळा परकर-पोलका, हातात कागदी भिंगरी. शेजारीच एक बाई शिंगाड्यांचा गंज घेऊन बसली होती आणि ती वाफ वाऱ्याबरोबर आमच्या तोंडावर येत होती. मी तेव्हा माझ्या वडिलांचं बोट आठवत होतो. फार सुखात होतो मी, खोटं कशाला बोलू? ढोलकी चढत चढत टिपेला गेली, टाळ एकमेकांवर आदळू लागले, आणि माझ्या पुढ्यातली भिंगरी खाली पडली.

रेवा मातीत कोसळली होती. अंग ताठ, मग झटके, ढोलकीच्या ठेक्यावरच पडावेत तसे. दंडार थांबली. मागून एका म्हातारीचा आवाज उठला, “देवी आली व माय! पोरीच्या अंगात देवी आली!” पाहता पाहता गर्दीचं रिंगण झालं. कोणी कुंकवाचा करंडा आणला, कोणी लिंबू, कोणी तिच्या पायांना हात लावून तो डोळ्यांना लावला. माझ्या लेकीच्या कपाळावर मूठभर कुंकू फासलं गेलं. ती पाठीवर पडलेली, तोंडातून फेस, ओठ निळे पडत चाललेले. माझ्या खिशात तो कागद होता. मनगटावर घड्याळ होतं. मला सगळं ठाऊक होतं, त्या साऱ्या गर्दीत एकट्या मलाच ठाऊक होतं.

आणि मी काय केलं? मी हात जोडले. होय, मी! मनात लख्ख एक विचार येऊन गेला, बरं झालं, यांना देवी वाटली. देवी म्हणजे मान. देवी आलेल्या मुलीला कोणी हसत नाही, तिच्या दारातून कोणी परत फिरत नाही. सगळ्यांनी जोडले म्हणून माझेही हात वर आले, आणि ज्या हातांनी तिला कुशीवर वळवायचं ते एकमेकांना चिकटून छातीशी उभे राहिले. किती वेळ? मला माहीत नाही. घड्याळ मी पाहिलंच नाही, म्हणून आजवर कधीच कळलं नाही. अर्धं मिनिट असेल, दोन मिनिटं असतील. माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब काळ मोजायचा राहून गेला.

रिंगण फोडून आत आली ती शिंगाडेवाली. देवकाबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. साठीकडे झुकलेली, हाताची बोटं शिंगाड्यांनी काळी झालेली, पदर कमरेला खोचलेला. तिने एका हाताने कुंकवाचा करंडा उडवला, गुडघ्यांवर बसली आणि रेवाला हळूच एका कुशीवर वळवलं. तोंडातला फेस बाहेर वाहून गेला आणि श्वासाचा घरघरता आवाज आला. “देवी-फेवी काही नाही,” ती गर्दीवर गरजली, “मिरगी हाये पोरीले. सरका बाजूले, हवा येऊ द्या!” मग तिची नजर वर उठली, माझ्यावर थांबली. “बाप ना तुम्ही? हात जोडून कायले उभे जी? हात लावा लेकराले!”

मी खाली बसलो. माझे हात सुटले, आणि ते कुठे ठेवायचे हे त्या बाईने मला दाखवलं. एक डोक्याखाली, एक पाठीवर. सुनंदा धावत आली तोवर झटके थांबले होते. देवकाबाईने आपल्या पदराने रेवाचं कपाळ पुसलं. कुंकू, माती आणि फेस यांचा लाल चिखल झाला होता. पुसता पुसता ती खालच्या आवाजात बोलली, मलाच ऐकू जाईल इतकं, “माझ्या भावाले होती. आम्ही बी कोनाले सांगतलं नाही. एकटाच शिंगाडे तोडाले तळ्यात उतरला.” ती उठली, हात झटकले आणि गंजाखालचा जाळ नीट करायला निघून गेली.

रेवा माझ्या खांद्यावर झोपली. झटक्यानंतरची ती झोप फार जड असते. सारं अंग सैल, डोकं मानेच्या खळगीत, गरम श्वास कानाशी. तिला घेऊन मी सासऱ्यांच्या ओसरीत गेलो आणि तिथे जमलेल्या सगळ्या पाहुण्यांपुढे उभ्या उभ्या सांगून टाकलं. आजाराचं नाव घेतलं, औषध दाखवलं, खिशातला कागद मोठ्याने वाचला. वाचताना आवाज फुटला, नाक वाहू लागलं, जावयाचा सारा रुबाब धुळीला मिळाला. सासरे एवढंच म्हणाले, “आम्हाले काहून नाही सांगतलं जी? आम्ही काय परके हाओत?” हे सांगायचं मात्र राहिलं, की मी हात जोडले होते. तेवढं मी गिळलं.

त्यानंतरची वर्षं, तुम्हाला सांगतो, मी सांगत सुटलो. अंगणवाडीताईंना, शेजाऱ्यांना, किराणावाल्याला, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा. बाटली पोत्यांमागून निघून भिंतीतल्या देवळीत पाण्याच्या तांब्याशेजारी बसली. रेवा माझ्याच शाळेत पहिलीला आली तेव्हा तिच्या वर्गाला मी एक खेळ शिकवला. एकाने पडायचं, दोघांनी कुशीवर वळवायचं, एकाने दप्तर डोक्याखाली द्यायचं, एकाने गुरुजींना बोलवायचं आणि एकाने अंक मोजायचे. मुलांना तो इतका आवडला की मधल्या सुटीत पडण्यासाठी भांडणं होऊ लागली. रेवाला मात्र कोणी पडू देत नसत. “तू खरी खरी पडते, तुले कायले पाहिजे?” असा त्यांचा चोख न्याय होता.

आणि ती एकदा खरंच पडली. मी दुसऱ्या वर्गात होतो. धापा टाकत पोहोचलो तर माझी गरजच उरली नव्हती. रेवा कुशीवर होती, डोक्याखाली तीन दप्तरं होती, खिडक्या उघडलेल्या होत्या आणि एक शेंबडी पोरगी भिंतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात अंक मोजत होती. ती एकोणऐंशीवरून एकदम नव्वदवर गेली. एरवी मी तिथेच तिला थांबवलं असतं. त्या दिवशी मी तिथेच खाली बसलो आणि पोरं बघत असताना रडलो. सहा-सात वर्षांच्या त्या लेकरांना जे जमलं ते त्यांच्या मास्तराला जमलं नव्हतं.

हळूहळू झटक्यांमधलं अंतर वाढत गेलं. आठवड्यांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली, आणि मग डॉक्टरीणबाईंनी औषध कमी करत करत एक दिवस बंद केलं. देवळीतली बाटलीची जागा रिकामी झाली. एक विचित्र गोष्ट कबूल करू का? ते दिवस मला परत नकोत, वैऱ्यालाही नकोत. तरी त्या दिवसांची हुरहूर लागते. तिला घेऊन नागपूरला जातानाचा पहाटेचा गारठा, डब्यातल्या पोळ्यांचा वास, परतताना पुलावर तिचं ठरलेलं विचारणं, की नदी रोज कुठे जाते आणि थकत नाही का. आणि खांद्यावरचं ते जड, झोपलेलं ओझं. रेवा आता तेरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते. तिला उचलून घ्यायचा काळ केव्हा संपला, हे कोणी मला आधी सांगितलं नाही. माणूस दुःखाची आठवण काढतो की त्या दुःखात हाताशी असलेल्या माणसाची? मला वाटतं, आपण त्या माणसाचीच काढतो आणि दुःख बिचारं सोबत येतं.

यंदा मंडईला पुन्हा सुनंदाच्या माहेरी गेलो. ढोलकी सुरू झाली तशी रेवा मैत्रिणींबरोबर गर्दीत घुसली, आणि माझी नजर सवयीने मनगटावर गेली. पिवळी ओढणी दिसते, दिसत नाही, पुन्हा दिसते. रस्त्याच्या कडेला देवकाबाईचा गंज होता. आता मागे तिची सून बसते आणि म्हातारी नुसती बाजेवर बसून गिऱ्हाइकांना दटावते. मला पाहून तिने विचारलं, “पोरगी कशी हाये जी?” मी गर्दीकडे बोट दाखवलं. तिने डोळे बारीक करून पाहिलं, मान हलवली आणि सुनेला कागदात जास्तीचे शिंगाडे घालायला लावले.

दंडार संपल्यावर रेवा घामाघूम होऊन आली आणि माझ्याजवळ दगडावर बसली. शिंगाडे आमच्यामध्ये होते, वाफ निघत होती. काय झालं कोणास ठाऊक, मी बोलू लागलो. तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं, तिला फक्त पडल्याचं ऐकून माहीत होतं. मी तिला गर्दीतल्या म्हातारीची ‘देवी आली’ ही हाक सांगितली, कुंकू सांगितलं, पायांना लागलेले हात सांगितले. ती खळखळून हसली. “म्हणजे अख्खं गाव माझ्या पाया पडलं होतं? अन् हे तुम्ही मले आता सांगून राहिले?” मग मी उरलेलं सांगितलं. की मला ठाऊक होतं, खिशात कागद होता, आणि तू निळी पडत असताना तुझ्या बापाने तुला हात लावला नाही, हात जोडले. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही. रस्त्यावर पडलेल्या काळ्या सालांकडे बघत बोललो.

ती हसायची थांबली होती. एवढ्या वर्षांत झटक्याची जितकी वाट पाहिली नसेल तितकी मी त्या उत्तराची पाहिली. शेवटी तिने एक शिंगाडा उचलला, दातांनी साल फोडलं, आतला पांढरा गर माझ्यासमोर धरला. मी घेत नाही असं पाहून तिने माझ्या मांडीकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सांगता सांगता मी हात जोडून बसलो होतो, बोटं एकमेकांत घट्ट रुतवून.

“हात सोडा ना बाबा आता,” रेवा म्हणाली. “शिंगाडे थंडे होऊन राहिले.”